धागा: एकाच कळण्याच्या पिठाचे दोन रिपोर्ट, लोह एकात ५.० आणि दुसऱ्यात १४.८, खरं कोणतं?

गिरणाकाठची

नमस्कार मंडळी, पाचोरा तालुक्यातून लिहितेय. आमचा अकरा बायकांचा बचत गट आहे, बिबडे कुरडया पापड करतो आणि गेल्या वर्षापासून कळण्याचं पीठ पण विकतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कळणा म्हणजे ज्वारी आणि सालासकट काळे उडीद, आम्ही चारास एक घेतो, आणि खडे मीठ त्यातच टाकून सोबत दळायचं, भाकरी करताना वेगळं मीठ घालायचं नाही. भरीत नाहीतर ठेच्यासोबत खातात.

आता पाऊचवर छापायचं म्हणून पीठ तपासायला दिलं. पहिल्या लॅबचा रिपोर्ट जानेवारीत आला, लोह १०० ग्रॅमला ५.० मिलिग्रॅम, कॅल्शियम ३९, एकूण राख ३.१ टक्के. मग एका प्रदर्शनासाठी ताजा रिपोर्ट मागितला म्हणून मार्चमध्ये दुसऱ्या लॅबला दिलं तर लोह १४.८! कॅल्शियम ४१, राख ३.१ च. ज्वारी तीच, उडीद तेच, एकाच शेतकऱ्याच्या एकाच कट्ट्यातले. दुसऱ्या लॅबला फोन केला तर ते म्हणे मशीनने जे दिलं ते लिहिलंय आणि फोन ठेवला. गटातल्या बायका म्हणताहेत मोठा आकडा छापू, आणि पाऊचवाल्याने 'लोहाने भरपूर' असं डिझाइन पण पाठवलंय, ३००० पाऊचची ऑर्डर द्यायची आहे. मला रात्री झोप लागत नाहीये कारण उद्या कोणी बाळंतिणीसाठी म्हणून घेऊन गेलं आणि ते खोटं निघालं तर? कोणाला यातलं कळत असेल तर सांगा.

पिंप्राळेकर

ताई दोघांची सरासरी काढा नि छापा, ९.९.

तापी_तीर

सरासरी अजिबात नको. दोनपैकी एक आकडा चुकीचा असेल तर सरासरी पण चुकीचीच येणार.

ताई, मी बावीस वर्षं अन्नाच्या लॅबमध्ये काढली, आता जळगावला घरीच असतो. जरा सविस्तर लिहितो कारण लोकांना वाटतं पीठ मशीनमध्ये टाकलं की आकडा बाहेर पडतो, तसं नसतं.

आधी राख. पोर्सिलेनच्या मुशीत पाचेक ग्रॅम पीठ तोलून घ्यायचं, आधी शेगडीवर धूर निघून जाईपर्यंत सावकाश जाळायचं, आणि मग मफल भट्टीत ५५० अंशाला काही तास. पीठ, तेल, प्रोटीन जे जे जळण्यासारखं ते सगळं निघून जातं आणि मुशीच्या बुडाला चिमूटभर करडी-पांढरी राख उरते. खनिजं काय ती त्यात. राखेत काळे ठिपके दिसले तर जळणं पूर्ण झालेलं नाही, दोन थेंब नायट्रिक ॲसिड टाकून परत भट्टीत. ५५० च का, तर फार वर नेलं की मीठ आणि पोटॅशियमची क्षारं हळूहळू उडून जायला लागतात आणि कमी ठेवलं तर कोळसा राहतो. (आयोडीनसारखी चीज मात्र या साध्या जाळण्यात टिकत नाही, तिची पद्धत वेगळी.)

आता तुमची ३.१ टक्के राख बघून कोणी म्हणेल वा, केवढी खनिजं! ज्वारी आणि उडदाचं तुमचं मिश्रण नुसतं जाळलं तर साधारण १.८ च्या आसपास राख यायला हवी, म्हणजे वरचे १.३ टक्के हे तुम्ही घातलेलं मीठ. १.३ ग्रॅम मिठात सोडियम साधारण ५१० मिलिग्रॅम, मिठाला २.५४ ने भागायचं. दिवसाला २००० मिलिग्रॅमच्या आत ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते म्हणजे १०० ग्रॅम पिठाच्या भाकरीत पाव हिस्सा गेला. हे पाऊचवर नीट लिहा, बीपीवाले लोक कळणा आवडीने खातात.

लोहाकडे येतो. राख ॲसिडमध्ये विरघळवतात, नाहीतर राख न करता थेट पिठालाच नायट्रिक ॲसिडमध्ये उकळून पाण्यासारखं स्वच्छ करतात, हल्ली त्यासाठी बंद भांड्यांचे मायक्रोवेव्ह आले. मग ते द्रावण ज्योतीत फवारायचं. गॅसवर भाताचं खारं पाणी उतू गेलं की ज्योत पिवळीधमक होते ना, ते सोडियम. पोटॅशियमची ज्योत फिकट जांभळी. प्रत्येक धातूचा रंग ठरलेला, १८६० मध्ये बुन्सेन आणि किर्खहोफ यांनी ज्योतीतल्या अशाच रेषा बघून सीझियम नावाचं नवं मूलद्रव्य शोधलं होतं. फ्लेम फोटोमीटर तेच करतो, सोडियम-पोटॅशियमला तो पुरतो. लोहाला पुरत नाही. तिथे १९५५ साली ऑस्ट्रेलियात ॲलन वॉल्श यांनी उलटी युक्ती मांडली, ज्योतीतून किती उजेड निघाला ते बघायच्या ऐवजी ज्योतीने किती उजेड गिळला ते मोजायचं. लोहाचाच दिवा लावायचा, त्याचा २४८.३ नॅनोमीटरचा उजेड ज्योतीतून पाठवायचा, द्रावणात लोहाचे अणू जितके जास्त तितका उजेड जास्त गिळला जातो. याला ॲटॉमिक ॲबसॉर्प्शन, थोडक्यात एएएस म्हणतात. त्याहून पुढचं आयसीपी, त्यात आर्गॉनचा प्लाझ्मा असतो आणि एकाच वेळी पंधरा-वीस मूलद्रव्यं मोजून होतात.

हिशोब असा असतो बघा: २ ग्रॅम पीठ विरघळवून ५० मिली केलं, मशीनने २.२ पीपीएम (म्हणजे लिटरला २.२ मिलिग्रॅम) दाखवलं, पण पीठ न टाकता नुसत्या ॲसिडचं केलेलं 'ब्लँक' ०.२ आलं, ते वजा केलं की २.०. गुणिले ५०, भागिले २, म्हणजे किलोला ५० मिलिग्रॅम, म्हणजे १०० ग्रॅमला ५.०. ब्लँक वजा करायला विसरलं तर ५.५ होईल. पण ५ चे १४.८ होणार नाहीत. म्हणून मला लॅबपेक्षा पिठाचीच शंका येतेय. ताई, दोन्ही वेळचं पीठ दळलं कुठे?

गिरणाकाठची

भाऊ इतकं समजावून सांगितलंत, दोनदा वाचलं, पोरीकडून पण वाचून घेतलं. जानेवारीत पहिल्यांदा अर्धा किलोच लागणार होतं म्हणून सासूबाईंनी घरच्या जात्यावर दळून दिलं. मार्चमध्ये ऑर्डर वाढली होती म्हणून पल्वरायझरवर दळलं, मसाला मिरची दळतात ती मशीन नाही का, गावातच आहे. पण धान्य खरंच तेच होतं भाऊ.

तापी_तीर

तिथेच तर गोम आहे. पल्वरायझरमध्ये लोखंडाचे हातोडे जोरात फिरतात आणि धान्य जाळीवर आपटतं, हातोडे झिजतात ते जातात कुठे? पिठात. ॲसिडमध्ये उकळलं की ज्वारीतलं लोह आणि हातोड्यातलं लोखंड दोन्ही विरघळून एक होतात, एएएसला दोघांतला फरक कळत नाही. कॅल्शियम दोन्ही रिपोर्टमध्ये जवळपास तेवढंच आहे, राख पण तेवढीच, एकटं लोह तिप्पट झालंय. धान्य बदललं असतं तर बाकीचे आकडेही हलले असते.

एक घरगुती परीक्षा सांगतो. जुन्या स्पीकरचं चुंबक घ्या, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, पांढऱ्या कागदावर पाव किलो पीठ पसरा आणि सावकाश फिरवा. स्टीलच्या ताटात करू नका, कागदावरच. दोन्ही पिठांचं करा.

दादर

तापी_तीर भाऊ, एक शंका आहे म्हाताऱ्याची. मी शिंदखेडा तालुक्यातला, चाळीस वर्षं दादर, म्हणजे आपली रब्बी ज्वारी, पेरतोय. आपली काळी माती म्हणजे काळ्या दगडाचीच झिजलेली, लहानपणी आम्ही पांझरेच्या वाळूत चुंबक फिरवायचो तर काळी रेती झुपक्याने चिकटायची. मग पिठात चुंबकाला जे चिकटेल ते खळ्यातल्या मातीचं कशावरून नाही? हल्ली मळणी यंत्राने ज्वारी काढतात तरी धूळ बसतेच.

तापी_तीर

आबा, शंका एकदम बरोबर. आपल्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं, ते चिकटतं. धान्यावरची माती हे लोहाच्या चुकीच्या आकड्यांचं जगभरातलं जुनं कारण आहे, म्हणून संशोधनात लोहासोबत ॲल्युमिनियम किंवा टायटॅनियम पण मोजतात, ते धान्यात जवळजवळ नसतं पण मातीत भरपूर असतं, ते जास्त दिसलं तर समजायचं माती आली. रेती-कचऱ्यासाठी अजून एक साधी तपासणी आहे, आम्लात न विरघळणारी राख, गव्हाच्या आट्याला तिची मर्यादा ०.१५ टक्के आहे. पण इथे ताईंकडे आयतीच तुलना आहे, जात्यावरच्या पिठाची ज्वारी पण त्याच कट्ट्यातली. मातीचं असेल तर दोन्हीकडे चिकटायला पाहिजे.

गिरणाकाठची

केलं!! आत्ताच केलं, हात अजून पिठाचेच आहेत. जात्यावरचं थोडं शिल्लक होतं डब्यात, त्यात चुंबक तीनदा फिरवलं, पिशवीला नुसतं पीठ लागलं, फुंकर मारली की गेलं. मग मशीनवरचं पसरलं आणि फिरवलं तर पिशवीच्या टोकाला काळे बारीक केस उभे राहिले, मांजराच्या पिलाच्या मिशांसारखे, चुंबक हलवलं की तेही वळतात. पाव किलोत नखाएवढी पूड जमली असेल. भिंगातून बघितलं तर काही चकचकीत पण आहेत. सासूबाई बघत होत्या, त्या एवढंच म्हणाल्या की माय वं, हे आपण पोरांना खाऊ घातलं.

गोदामात याच मशीनचं चाळीस किलो पीठ पडलंय. आज एकही पाकीट गेलं नाही, मी ठेवून घेतलं.

शिरपूरची_मयुरी

ताई मी एमएस्सी करतेय फूड सायन्सला. सासूबाईंना सांगा घाबरू नका, पण थांबवलंत ते चांगलं केलंत, धातूचा कीस हा अन्नात नकोच असलेला पदार्थ आहे. आणि पाऊचबद्दल एक महत्त्वाचं. आपल्याकडे २०१८ च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमात असं आहे की १०० ग्रॅम घन पदार्थात रोजच्या गरजेच्या १५ टक्के खनिज असेल तर 'स्रोत' म्हणता येतं आणि ३० टक्के असेल तर 'भरपूर'. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीत लोहाची रोजची गरज पुरुषाला १९ आणि बाईला २९ मिलिग्रॅम. १९ धरली तरी ३० टक्के म्हणजे ५.७. म्हणजे खऱ्या ५.० ला 'भरपूर' लिहिता येणार नाही, 'स्रोत' लिहिता येईल. १४.८ वर ते 'भरपूर' चालून गेलं असतं आणि ते हातोड्याचं लोखंड असतं. डिझाइन बदला प्लीज.

गिरणाकाठची

बदलते मयुरी. आजच फोन केला पाऊचवाल्याला.

पिंप्राळेकर

मी सरासरी म्हणालो होतो ते मागे घेतो ताई. पण एक विचारतो, लोखंडाच्या कढईत भाजी करा म्हणतात ना रक्त वाढायला, मग मशीनचं लोखंड का वाईट?

तापी_तीर

चांगला प्रश्न आहे भो. कढईत चिंच-टोमॅटो-ताक असं आंबट शिजलं की लोखंडाचा पृष्ठभाग थोडा थोडा विरघळून भाजीत उतरतो, ते विरघळलेलं असतं. हातोड्याचा कीस हा तुकडा आहे, पोटातल्या ॲसिडमध्ये बारीक असेल तेवढा थोडाफार विरघळेल, जाड असेल तो तसाच पुढे जाईल, आणि तो कोणत्या स्टीलचा, त्यात अजून काय काय आहे हे कोणाला माहीत. कढईचा भरवसा धरता येतो, कशाची आहे ते माहीत असतं, घासून पुसून वापरतो. याचा नाही.

आणि इथे लोकांचा मोठा गैरसमज आहे तो पण सांगतो. रिपोर्टवरचा आकडा म्हणजे पिठात एकूण किती, अंगाला किती लागलं ते नाही. लॅबमध्ये आम्ही नायट्रिक ॲसिडमध्ये सगळं पिळून काढतो, पोट तसं करत नाही. ज्वारी-उडदात फायटेट असतं ते लोह आणि झिंकला धरून ठेवतं, धान्यातल्या लोहाचा थोडाच भाग शोषला जातो. जेवणावर लगेच चहा घेतला तर अजून कमी. कळण्यासोबत लिंबू, हिरवी मिरची, कच्चा कांदा घेतात ना, लिंबू-मिरचीतलं सी जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. उडीद भिजवून, मोड आणून वाळवले तरी फायटेट कमी होतं. हे कोणत्याच रिपोर्टमध्ये दिसत नाही. मोजता येतं, पिठाला नळीतच पेप्सिन आणि स्वादुपिंडाचे एन्झाइम देऊन ३७ अंशाला पचवतात आणि बारीक पडद्यातून लोह किती गळून येतं ते बघतात, पण ते संशोधनातलं काम, नेहमीच्या लॅबचं नाही.

सातपुड्याची_लेक

मी धडगावकडे आशा म्हणून काम करते. एक विनंती सगळ्यांना, रक्त कमी म्हणजे लोह कमी असं लगेच धरू नका. आमच्या पाड्यांवर सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे, त्यात हिमोग्लोबिन कमी दिसतं पण कारण वेगळं असतं, आणि ज्यांना वरचेवर रक्त चढवतात त्यांच्या अंगात लोह उलट साठतं. मागच्या वर्षी एका घरी बघितलं, मुलीला कोणीतरी सांगितलं म्हणून लोहाचं पीठ, लोहाचं सिरप सगळं चालू होतं, तपासणी एकदाही नाही. ताई, तुमच्या पाऊचवर 'रक्तवाढीसाठी' असं काही लिहू नका ही हात जोडून विनंती. पीठ चांगलं आहे तर पीठ म्हणूनच विका.

गिरणाकाठची

नाही लिहिणार ताई. शब्द देते.

रावेरचा_भाऊ

विषयाला थोडं सोडून पण खनिजाचंच. मी केळीवाला. माती तपासणीच्या कागदावर आणि खताच्या गोणीवर पोटॅश लिहिलेलं असतं, आणि केळीच्या पोषणाच्या तक्त्यात पोटॅशियम १०० ग्रॅमला ३५०-३६० मिलिग्रॅम. दोन्ही एकच का? आणि वडील डायलिसिसवर आहेत, त्यांना घरची केळी बंद केलीत, भाज्या पण मोजून. घरात केळीचे ढीग आणि त्यांना एक देता येत नाही, फार जीव तुटतो.

तापी_तीर

भाऊ, एक नाही. खतवाले पोटॅश म्हणजे के-टू-ओ, ऑक्साइड म्हणून लिहितात, अन्नवाले नुसतं पोटॅशियम. खताच्या आकड्याला ०.८३ ने गुणलं की पोटॅशियम येतं. स्फुरदाचं पण तसंच, गोणीवर ऑक्साइड असतं.

वडिलांचं, डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ सांगतील तेच करा. पोटॅशियम पाण्यात उतरतं, म्हणून अशा रुग्णांच्या भाज्या बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळून पाणी फेकायला सांगतात. केळीला ते जमत नाही, ती न शिजवताच खायची ना. काळजी घ्या त्यांची.

दादर

बाजरीचं पण सांगा की कोणी. जुन्या पुस्तकात बाजरीत लोह ८ लिहिलंय, नातू मोबाईलवर दाखवतो तर ६.४. धान्य नासलं का आपलं?

शिरपूरची_मयुरी

आबा, ८ चा आकडा हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या तक्त्यांतला, आणि ६.४ त्याच संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यातला. नव्यासाठी देशाचे सहा भाग करून ५२८ पदार्थांचे नमुने गोळा केले होते. मधल्या काळात वाणं बदलली, नमुने बदलले, मोजायची पद्धत बदलली. पूर्वी लोहाला रसायनाने लाल-केशरी रंग आणून तो रंग मोजायचे. त्यामुळे दोन आकडे समोरासमोर ठेवून धान्य नासलं असं म्हणता येत नाही. आणि वाणावर तर खूपच अवलंबून. धनशक्ती नावाची बाजरी २०१२ मध्ये महाराष्ट्रात आली, ती लोहासाठीच निवडलेली, किलोला ७१ मिलिग्रॅमच्या आसपास म्हणजे १०० ग्रॅमला ७.१.

दादर

हां, मग दादरचा पण एकदा करून बघावा म्हणतो. मना वावरनी दादर शे, तीच देतो.

गिरणाकाठची

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं, महिना झाला. काय काय केलं ते लिहिते.

पल्वरायझरवाल्या दादांना चुंबक नेऊन दाखवलं. आधी रागावले, मग त्यांनीच जाळी काढली तर हातोड्यांच्या कडा झिजून गोल झालेल्या आणि एक हातोडा जाळीला घासत होता, जाळीवर चकचकीत पट्टा पडलेला. त्यांनी हातोडे बदलले, जाळी बदलली आणि मशीनच्या तोंडाशी चुंबकाची पट्टी बसवली. आमचं पीठ मात्र आता आम्ही दगडाच्या चक्कीवर दळतो, चक्कीच्या दगडाला टाकी मारून खाचा पाडल्यावर पहिले पाच किलो जनावरांच्या भरड्यासाठी दुसरं धान्य दळून घेतो, आमचं त्यानंतर. प्रत्येक घाण्याला चुंबक फिरवायचं काम माझ्या सासूबाईंनी स्वतःहून घेतलंय, चष्मा लावून बसतात. ते चाळीस किलो विकलं नाही, वाटलं पण नाही.

नमुना यावेळी तापी_तीर भाऊंनी सांगितला तसा काढला, सगळ्या पिठाचा ढीग, त्याचे चार भाग, समोरासमोरचे दोन घ्यायचे, परत ढीग, परत चार भाग, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. लोखंडी पळी लावली नाही, लाकडी उलथनं वापरलं. लॅबला आधी विचारलं, पिठातलं लोह मोजायची तुमची मान्यता आहे का, ब्लँक करता का, माहीत असलेल्या पिठाचा नमुना सोबत चालवता का, आकडा ओलाव्यासकट देता की कोरड्या वजनावर. मॅडमनी सगळी उत्तरं नीट दिली आणि म्हणाल्या एवढं कोणी विचारत नाही.

रिपोर्ट काल आला. ओलावा १०.६, लोह ४.८, झिंक २.१, कॅल्शियम ४०, सोडियम ४९५. मीठ थोडं कमी करायचं ठरलंय. पाऊचवर हेच आकडे जसेच्या तसे, आणि खाली 'मीठ घातलेले आहे' मोठ्या अक्षरात.

दादर आबा, तुमच्या ज्वारीचं पोतं मिळालं. शनिवारी दळू, अर्धा किलो तपासायला जाईल आणि बाकीच्याची भाकर खायला तुम्ही या.

दादर

येतो माय. वांगे घेऊन येतो भरताले.